दहा मीटरची वाट

रमजानमध्ये इशाच्या नमाजनंतर तरावीह सुरू होते, तेव्हा मशिदीत भिंतीच्या बाजूला काही खुर्च्या मांडलेल्या दिसतात. बहुतेक खुर्च्या गुडघेदुखीवाल्यांच्या. पण त्यांत एखादे चाचा असे असतात की ज्यांचे गुडघे अगदी शाबूत आहेत. त्यांना वाकवत नाही. रुकूत गेले की छातीवर ओझे ठेवल्यासारखे होते, सजद्यातून उठले की धाप लागते आणि इमाम पुढच्या रकातीला पोहोचले तरी यांचा श्वास मागच्याच रकातीत अडकलेला असतो. अशीच माणसे देवळाच्या पायऱ्यांवर कठडा धरून उभी असतात. बाजारात पिशवी खाली ठेवून, मोबाइल बघण्याचे निमित्त करून थांबलेली असतात. कोणी विचारले, "काय काका, बरे आहे ना?" तर ठरलेले उत्तर मिळते, "वय झाले आता."

बऱ्याचदा नुसते वय झालेले नसते. वर्षानुवर्षांची विडी-सिगारेट, चुलीचा धूर, गिरणीतली किंवा खाणीतली धूळ, लहानपणचे छातीचे आजार, कधीतरी होऊन गेलेला क्षय, यांपैकी कशाने तरी श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात आणि फुफ्फुसांची लवचीकता गेलेली असते. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. आपल्याकडे सगळ्यालाच "दमा" म्हणून मोकळे होतात. दम्यात आकसलेल्या नळ्या औषधाने बऱ्याच अंशी मोकळ्या होतात. सीओपीडीत झालेले नुकसान मागे फिरत नाही. पंप घेतल्याने आराम पडतो, पण गेलेले फुफ्फुस परत मिळत नाही.

आणि मग घरात मायेची माणसे एक वाक्य बोलतात, "अब्बा, तुम्ही बसा. आम्ही करतो." दूध आणायला नातू जातो, भाजी सून आणते, नमाज घरीच होते. माणूस आधी बाजार सोडतो, मग गल्ली सोडतो, मग जिना सोडतो. शेवटी पलंग आणि न्हाणीघर एवढीच त्याची दुनिया उरते. कोणाचाच हेतू वाईट नसतो. डॉक्टरांनीही अनेक पिढ्या हाच सल्ला दिला होता. दम लागतो ना, मग विश्रांती घ्या.

हा सल्ला उलटा आहे, हे ज्यांनी मोजून दाखवले त्यांच्यात इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातील प्रा. सॅली सिंग यांचे नाव मोठे आहे. सिंग मूळच्या फिजिओथेरपिस्ट. लेस्टर विद्यापीठात त्या फुफ्फुस आणि हृदय पुनर्वसनाच्या प्राध्यापक आहेत आणि शहरातल्या ग्लेनफिल्ड रुग्णालयाशी त्यांचे काम अनेक वर्षे जोडलेले आहे. शस्त्रक्रिया नाही, नवे औषध नाही. श्वासाचा जुना आजार असलेल्या माणसाला पुन्हा चालते कसे करायचे, तो किती चालला हे नेमके कसे मोजायचे आणि त्याच्या जगण्यात त्याने काय फरक पडतो, या तीन प्रश्नांभोवती त्यांची सारी कारकीर्द फिरली आहे.

लेस्टर आपल्याला तसे परके नाही. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या भारतीय वंशाच्या हजारो लोकांपैकी बरेच जण याच शहरात येऊन राहिले. भारताबाहेरच्या मोठ्या दिवाळ्यांमध्ये तिथल्या दिवाळीची गणना होते, आणि ईदही तितकीच गाजते.

सिंग यांच्या आधी या क्षेत्रात काही झालेच नव्हते असे नाही. अमेरिकेत 1950 च्या दशकात अॅल्व्हन बराच या डॉक्टरांनी अशा रुग्णांना चालायला लावून पाहिले होते. पुढच्या दशकात डेन्व्हरमध्ये टॉम पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यायाम, श्वासाचे शिक्षण आणि ऑक्सिजन यांची सांगड घालून रीतसर कार्यक्रम सुरू केला. पण वैद्यकविश्वाला खात्री पटत नव्हती. फुफ्फुसे तपासणारे बोट दाखवत ते फुंकण्याच्या यंत्राकडे. रुग्ण कितीही चालो, पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा होती तेवढीच राही. मग बरे काय झाले? रुग्ण म्हणे, "मला बरे वाटते." वाटण्याला विज्ञानात किंमत मिळवायची तर ते मोजता आले पाहिजे.

मोजायला साधने अगदीच नव्हती असेही नाही. अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांनी 1968 मध्ये धडधाकट जवानांसाठी बारा मिनिटे धावण्याची चाचणी मांडली होती. 1976 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी तिचे रूपांतर जुन्या ब्राँकायटिसच्या रुग्णांसाठी बारा मिनिटे चालण्यात केले. आजाऱ्याला बारा मिनिटे फार होतात म्हणून 1982 मध्ये ती सहा मिनिटांवर आली. ही सहा मिनिटांची चाचणी आजही जगभर चालते. पण तिच्यात एक गोम आहे. वेग रुग्णाने स्वतः ठरवायचा असतो. कोणी जिद्दीने पळत सुटतो, कोणी जपून चालतो. शिवाय शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेने "शाब्बास, चला, चला" म्हटले की अंतर वाढते, हे कॅनडाच्या संशोधकांनी 1984 मध्ये दाखवून दिले. म्हणजे आकडा रुग्णाच्या फुफ्फुसाचा, पायाचा की परिचारिकेच्या आवाजाचा, हे कळणे कठीण.

यावर सॅली सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो मार्ग काढला तो 1992 मध्ये "थोरॅक्स" या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खेळाडूंचा दम बघण्यासाठी दोन रेषांमध्ये पळण्याची एक चाचणी असते. टेपवर बीप वाजते आणि त्या ठेक्यात इकडून तिकडे पळायचे असते. सिंग यांनी पळण्याच्या जागी चालणे आणले आणि अंतर आजाऱ्याला झेपेल असे ठेवले. सपाट जमिनीवर नऊ मीटरवर दोन शंकू ठेवायचे. त्यांना वळसा घालून एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचे की दहा मीटर होतात. वेग रुग्णाने ठरवायचा नाही आणि परिचारिकेनेही नाही. तो टेपवरची बीप ठरवते.

पहिल्या मिनिटाला तीन फेऱ्या. म्हणजे मिनिटाला तीस मीटर. घरातल्या घरात चालावे इतके सावकाश. दुसऱ्या मिनिटाला चार, तिसऱ्याला पाच, अशी दर मिनिटाला एकेक फेरी वाढत जाते. बारावे मिनिट चौदा फेऱ्यांचे, आणि तिथपर्यंत पोहोचणाऱ्याला जवळजवळ पळावेच लागते. सगळे पार पडले तर 1020 मीटर होतात. सीओपीडीचे बहुतेक रुग्ण त्याच्या बरेच आधी थांबतात. बीप वाजली आणि शंकू अर्ध्या मीटरहून दूर राहिला, किंवा दमामुळे पुढे जाववेना, की चाचणी संपली. मधे कोणी "शाब्बास" म्हणायचे नाही. ऐकायला हे कोरडे वाटते, पण त्यातच तिचे बळ आहे. लेस्टरमध्ये चाललेले दोनशे मीटर आणि पुण्यात चाललेले दोनशे मीटर यांचा अर्थ एकच राहतो.

पुढे ट्रेडमिलवर, तोंडाला मुखवटा लावून शरीर किती ऑक्सिजन वापरते हे मोजून त्यांच्या गटाने पडताळा घेतला. दोन शंकूंच्या मधली ही चाल महागड्या यंत्राच्या बरीच जवळ जाते असे दिसले. एका टेपरेकॉर्डरच्या आणि व्हरांड्याच्या भांडवलावर! मग 1999 मध्ये त्याच गटाने तिची जोड-चाचणी काढली. पहिल्या चाचणीतून माणसाची कमाल क्षमता कळते. दुसरीत त्या क्षमतेच्या ठरावीक हिश्शाने, एकाच वेगाने, तो किती वेळ चालू शकतो ते बघायचे. रोजच्या जगण्यात कमाल वेगाची गरज कोणाला पडते? गरज असते ती मशिदीपर्यंत, दुकानापर्यंत न थांबता जाण्याची.

एवढे झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक होता. पुनर्वसनानंतर रुग्ण वीस मीटर जास्त चालला तर तो सुधारला म्हणायचे का? आकडेशास्त्र हो म्हणेल. रुग्णाला तरी ते जाणवते का? 2008 मध्ये सिंग यांनी 372 रुग्णांना सात आठवड्यांच्या कार्यक्रमानंतर चालायला लावले आणि सरळ विचारले, पहिल्यापेक्षा कसे वाटते? ज्यांनी "थोडे बरे" म्हटले त्यांचे अंतर सरासरी 47.5 मीटरने वाढले होते. "बरे" म्हणणाऱ्यांचे 78.7 मीटरने. म्हणजे जवळपास पाच फेऱ्या वाढल्या की माणसाला स्वतःला फरक कळतो. आता कोणी नवा कार्यक्रम काढला आणि दहा मीटर सुधारणेचा डंका पिटला, तर त्याला हा आकडा दाखवता येतो.

फुफ्फुस तेवढेच राहते, तर मग सुधारते काय? पाय. धाप लागते म्हणून माणूस बसतो. बसला की मांड्यांचे, पोटऱ्यांचे स्नायू वाळत जातात. अशा दुबळ्या स्नायूंमध्ये थोड्याशा कामानेही लवकर आम्ल साचते, आणि ते बाहेर काढण्यासाठी शरीर आणखी जोरात श्वास मागते. आधीच अरुंद झालेल्या नळ्यांमधून हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास येतो, हवा आत साठत जाते आणि छाती फुगल्यासारखी होते. धाप वाढते. माणूस आणखी बसतो. हे चक्र फुफ्फुसाकडून तोडता येत नाही, पायाकडून तोडता येते. स्नायू कमावले की तेच काम कमी श्वासात होते. कोसाकोसावर मोटार बंद पडणाऱ्या गाडीचे इंजिन बदलता आले नाही, पण चाकांना वंगण मिळाले, असे काहीसे.

प्रत्यक्ष कार्यक्रम अगदी साधा असतो. आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ आठवडे. पहिल्या दिवशीच्या चाचणीवरून प्रत्येकाचा चालण्याचा वेग ठरवला जातो. तो असा की धाप लागली पाहिजे, पण माणूस कोलमडता कामा नये. जोडीला हातापायांची ताकद वाढवणारे व्यायाम असतात. ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडायला शिकवतात, म्हणजे नळ्या मिटत नाहीत. पंप नीट कसा घ्यायचा, कफ कसा काढायचा, आजार उसळू लागला तर कोणत्या खुणा ओळखायच्या, हे समजावतात. आणि एक गोष्ट अभ्यासक्रमात लिहिलेली नसली तरी घडतेच. वर्षानुवर्षे घरात बसलेला माणूस आपल्यासारख्याच दहा जणांमध्ये येऊन बसतो. धाप लागली म्हणजे जीव जाणार, ही भीती इतरांना धापा टाकून पुन्हा हसताना पाहिले की निम्मी होते.

रुग्णाचे जगणे कसे आहे हे विचारण्यासाठी या क्षेत्रात वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे. ती कॅनडातील गॉर्डन गयाट यांच्या गटाने 1987 मध्ये तयार केली आणि लेस्टरच्या संशोधकांनी रुग्णाला स्वतः भरता येईल असे तिचे रूप बनवले. तिच्यात एक सुंदर सोय होती. धाप लागणारी आणि आपल्या रोजच्या जगण्यात महत्त्वाची असलेली पाच कामे रुग्णाने स्वतः निवडायची. डॉक्टरने नव्हे. ही प्रश्नावली आपल्या एखाद्या गावात भरून घेतली तर काय काय येईल? कोणी लिहील तरावीहच्या वीस रकाती, कोणी ग्रामदेवतेच्या पायऱ्या, कोणी विहिरीवरून कळशी आणणे, कोणी नातवाला शाळेत सोडणे, कोणी नुसते अंघोळ करून स्वतः कपडे घालणे. शेवटचे काम लिहिणारेच बहुधा जास्त निघतील.

सिंग यांच्या कारकिर्दीतले एक प्रकरण मात्र यशाचे नाही, आणि म्हणूनच ते सविस्तर सांगायला हवे. सीओपीडीचा रुग्ण आजार उसळून रुग्णालयात दाखल होतो, आठवडाभर झोपून राहतो, आधीच वाळलेले पाय आणखी वाळतात. बरेच जण वर्षभरात पुन्हा दाखल होतात. मग व्यायाम रुग्णालयातच, दाखल झाल्याबरोबर का सुरू करू नये? सगळ्यांनाच ही कल्पना पटण्यासारखी होती. सिंग, मायकेल स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासायचे ठरवले. 389 रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले आणि निम्म्यांना दाखल झाल्यापासून 48 तासांच्या आत व्यायाम सुरू केला. रोज चालणे, ताकदीचे व्यायाम, मांडीच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके, आणि घरी गेल्यावरही सहा आठवडे मार्गदर्शन.

निकाल 2014 मध्ये "ब्रिटिश मेडिकल जर्नल"मध्ये छापून आला. वर्षभरात पुन्हा दाखल झालेल्यांचे प्रमाण व्यायामाच्या गटात 62 टक्के होते आणि दुसऱ्या गटात 58 टक्के. म्हणजे फायदा काहीच नाही. त्याहून धक्कादायक आकडा पुढे होता. वर्षभरात व्यायामाच्या गटातले 49 जण दगावले, दुसऱ्या गटातले 31. टक्केवारीत 25 आणि 16.

ज्या माणसांनी अख्खी हयात "व्यायाम करा" सांगण्यात घालवली, त्यांच्याच हातून हा निकाल निघाला. तो दडवता आला नसता असे नाही. जगात अनेक अप्रिय निकाल कपाटात राहतात. या गटाने तो जगातल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात, आकड्यांसकट छापला आणि दाखल झाल्याबरोबर लगेच सुरू होणाऱ्या अशा व्यायामाची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट लिहिले. मृत्यू का वाढले याचे नेमके उत्तर मिळाले नाही. सहा महिन्यांपर्यंत दोन्ही गटांत फरक नव्हता, तो नंतर दिसला. एक बारीक गोष्ट मात्र लक्षात आली. रुग्णालयातच व्यायाम केलेल्यांपैकी नंतर नेहमीच्या पुनर्वसनाला गेलेले कमी होते. आपले झाले, असे त्यांना वाटले असावे. आजार उसळलेला असताना नव्हे, तो निवल्यावर पुनर्वसन, ही वेळेची शिस्त त्या निकालाने अधिक ठळक केली. डॉक्टरी सल्ल्यावर माणसाने भरवसा ठेवावा तो अशा कबुलीमुळे.

पुनर्वसनाचा फायदा होतो की नाही, याबद्दल आता वाद राहिलेला नाही. 2015 मध्ये कोक्रेन या संस्थेने 65 चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत 3822 रुग्ण होते. धाप, थकवा, मनःस्थिती, चालण्याची क्षमता, सगळ्यांत सुधारणा दिसली. ती इतकी स्पष्ट होती की पुनर्वसन विरुद्ध काहीच नाही अशी तुलना आणखी करत बसण्याची गरज नाही, असे त्यांच्या संपादकीयात म्हटले गेले.

अडचण आहे ती पोहोचण्याची. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2013-14 च्या काळाची राष्ट्रीय पाहणी झाली. पुनर्वसनाची गरज असलेले सुमारे 4 लाख 46 हजार रुग्ण होते. त्यांतल्या अवघ्या 68 हजारांना तिकडे पाठवले गेले आणि पाठवलेल्यांतलेही साधारण 69 टक्केच पहिल्या तपासणीला हजर राहिले. जिथे उपचार फुकट मिळतात त्या देशाची ही गोष्ट. पुढे या राष्ट्रीय पाहणीतील पुनर्वसनाच्या भागाचे नेतृत्व सिंग यांच्याकडे आले. कोण येत नाही आणि का येत नाही, हा त्यांच्या कामाचा मोठा हिस्सा बनला. बस मिळत नाही, बायकोला एकटे सोडता येत नाही, दम लागणाऱ्याला व्यायाम सांगतात हे ऐकूनच धडकी भरते, आणि डॉक्टर स्वतःच सांगायला विसरतात. कारणे कुठेही अशीच असतात.

जे केंद्रापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी लेस्टरच्या गटाने एक पुस्तिका तयार केली. घरी बसून टप्प्याटप्प्याने करायचा कार्यक्रम आणि अधूनमधून फोनवर विचारपूस. 184 रुग्णांवर तिची परीक्षा झाली. काही बाबतीत ती उपयोगी पडली, पण धाप कमी झाल्याचा फायदा सहा महिन्यांनी उरला नाही. घरचा कार्यक्रम केंद्रातल्या कार्यक्रमाच्या तोडीस तोड आहे असा दावा त्यांनी केला नाही. काहीच न मिळण्यापेक्षा बरे, एवढेच. कोविडच्या साथीत ही तयारी कामी आली. 2020 च्या जुलैमध्ये ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने कोविडमधून उठलेल्यांसाठी घरबसल्या पुनर्वसनाची ऑनलाइन सेवा सुरू केली. ती उभी करण्याचे काम सिंग यांच्या गटाकडे होते. श्वासासाठी धडपडत घरी परतलेल्या, पण पुढे काय हे ठाऊक नसलेल्या माणसांची तेव्हा रीघ लागली होती.

आणि इथून ही गोष्ट आपल्या अंगणात येते. गेल्या दशकाच्या अखेरीस सिंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश सरकारच्या आरोग्य संशोधन निधीतून "ग्लोबल रिचार्ज" हा प्रकल्प सुरू झाला. युगांडा, किर्गिझस्तान, श्रीलंका आणि भारत हे त्यातले देश. भारतातले काम पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनसोबत झाले. प्रश्न असा होता की इंग्लंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांवर घडवलेला कार्यक्रम इथे जसाच्या तसा चालेल का?

चालणार नाही, याची कारणे पुण्यातल्या संशोधकांना आधीच माहीत होती. डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये "लॅन्सेट"मध्ये लिहिलेल्या लेखात दाखवले होते की जगात तंबाखू ओढणारे सुमारे 100 कोटी असतील, तर लाकूडफाटा, गोवऱ्या, पालापाचोळा यांच्या धुरात वावरणारे सुमारे 300 कोटी आहेत. कधी विडीला हात न लावलेल्या बाईला सीओपीडी होतो तो असा. वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून फुंकणी हातात, कुडाच्या स्वयंपाकघरात खिडकी नाही, पोटातल्या किंवा पाठीवरच्या लेकराच्या नाकातोंडातही तोच धूर. तिला दम लागतो तेव्हा घरचे म्हणतात, कामाने थकली असेल. आता गॅस आला, पण चाळीस वर्षांचा धूर छातीत आहेच. आणि सिलिंडर महागला की मागच्या अंगणातली चूल पुन्हा पेटते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरे कारण क्षय. औषधांचा कोर्स पुरा झाला, थुंकीत जंतू नाहीत, कार्डावर "बरा" असा शेरा पडला, की सरकारी नोंदीतून माणूस बाहेर पडतो. पण क्षयाने फुफ्फुसात पाडलेले खड्डे आणि व्रण तसेच राहतात. हा माणूस तिशी-चाळिशीतला असतो, त्याला कामावर जायचे असते आणि त्याला धाप लागते. युगांडा असो की भारत, अशा रुग्णांसाठीचे पुनर्वसन हा या प्रकल्पाचा महत्त्वाचा भाग होता. लेस्टरच्या सत्तरीतल्या निवृत्त गृहस्थाचा कार्यक्रम आणि गोणी उचलणाऱ्या हमालाचा कार्यक्रम एक कसा असेल?

देशभराच्या आरोग्याचा 2016 सालापर्यंतचा आढावा "लॅन्सेट"च्या भावंड नियतकालिकात 2018 मध्ये छापला गेला. त्यानुसार भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा 18 टक्के, पण श्वसनाच्या जुनाट आजारांनी हिरावलेल्या निरोगी आयुष्यात आपला वाटा 32 टक्के. एवढ्या रुग्णांसाठी रीतसर पुनर्वसन केंद्रे कुठे आहेत, हे शोधायचे झाले तर मोठ्या शहरांतली काही रुग्णालये सोडून फारसे काही हाती लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट आता सापडतो. तो फ्रॅक्चर आणि मानदुखी बघतो. छातीचे रुग्ण त्याच्याकडे कोणी पाठवत नाही आणि त्यांनाही तो आपल्यासाठी आहे हे माहीत नसते.

खरे तर या उपचाराइतका कमी खर्चाचा उपचार शोधून सापडणार नाही. दहा मीटरची सपाट जागा, दोन शंकू, मोबाइलवर वाजणारी बीप, बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र, वजनासाठी पाण्याने भरलेल्या बाटल्या, बसायला खुर्च्या. महाग आहे ते शिकलेले माणूस आणि त्याचा वेळ. मनाने उठून कोणी चालायला सुरुवात करावी असेही नाही. हृदयाचा त्रास आहे का, चालताना ऑक्सिजन उतरतो का, हे आधी डॉक्टरांनी तपासायला हवे. दवाखान्यात पुढच्या वेळी गेल्यावर "मी बसून राहू की चालू, आणि किती?" एवढा प्रश्न मात्र रुग्णाने किंवा त्याच्या मुलाने जरूर विचारावा.

रमजानच्या निमित्ताने एक गोष्ट सांगणे भाग आहे. रोजा धरला म्हणून दिवसभर पंप बंद ठेवणारे लोक दरवर्षी दिसतात आणि त्यांतले काही दवाखान्यात पोहोचतात. आजाऱ्याला रोजाची सक्ती नाही. पुढे कजा करण्याची किंवा फिदया देण्याची मुभा आहे, हे कुठल्याही मौलवींना विचारले तरी ते सांगतील. ज्यांचा आजार आटोक्यात आहे त्यांनी, दिवसातून एकदा-दोनदा घ्यायचा पंप सहरी आणि इफ्तारच्या वेळेला बसवता येईल का, हे छातीच्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. धाप लागली असताना मात्र पंप हातात असून तो न घेणे, हा सब्र नव्हे.

ईदच्या दिवशी सकाळी ईदगाहकडे जाणारी गर्दी सगळ्या गावाने पाहिलेली आहे. नवे कपडे, अत्तर, लहान मुले, आणि रस्त्याच्या कडेला गर्दीला वाट देत थांबलेले एखादे चाचा. मोटारसायकलवरून सोडू का, असे मुलाने दोनदा विचारून झालेले असते. प्रश्नावलीतल्या पाच कामांत पहिले काम कोणते लिहायचे, हे त्यांना विचारावे लागणार नाही. ईदगाह अजून दीडशे मीटर आहे. पंधरा फेऱ्या.